फ्रीजसमोरचा उन्हाळा

मित्रांनो, माझ्या अंगाचा हिरवा रंग तीन ठिकाणी उडाला आहे आणि एका पायाखाली विटेचा तुकडा आहे. मी शिंदखेड्यातल्या एका घरातला जुना लोखंडी कूलर आहे. तुम्हाला माझी हकिगत सांगायची, तर आधी एक कबुली द्यावी लागेल. मला फ्रीजचा हेवा वाटतो. ही हकिगत त्या हेव्याचीच आहे.

माझा जन्म धुळ्याला, हिलाल मिस्त्रींच्या पत्र्याच्या दुकानात झाला. त्यांनी पत्रा कापला, कडा दुमडल्या, तीन बाजूंना गवताच्या ताट्या बसवल्या, पोटात पाण्याची टाकी केली आणि मध्ये पंखा बसवला. कौतिकनाना मला घ्यायला आले, तेव्हा मिस्त्री त्यांना म्हणाले, "नाना, एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा खिडकीच्या बाहेर ठेवायचा आणि समोरची खिडकी उघडी टाकायची. वारा आला पाहिजे तसा गेला पण पाहिजे."

नाना बाजार समितीत मापाडी होते. धान्य मोजणाऱ्या माणसाला सांगितलेले चोख लक्षात राहते. त्यांनी पुढच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडी करून घेतली आणि मला तिच्यावर बसवले.

ते माझे सुखाचे दिवस होते. एप्रिल लागला की खानदेशातला वारा अंगाला चटके देतो. तोच वारा मी ओल्या ताट्यांतून आत ओढायचो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी वाऱ्याकडूनच घेते. म्हणून वारा जितका कोरडा, तितका मी गार. दुपारी गल्लीतली पोरे माझ्यासमोर सतरंजीवर ओळीने झोपायची. पाहुणे आले की नानांची बायको झुंबरबाई त्यांना माझ्यासमोरची जागा द्यायची आणि अभिमानाने सांगायची, "धुयाहून आनेल शे!" नळाला आठ दिवसांनी पाणी यायचे, तरी माझ्या टाकीसाठी दोन बादल्या बाजूला काढलेल्या असायच्या.

पण माझी नोकरी तीन महिन्यांची. पाऊस लागला की माझ्यावर ताडपत्री यायची आणि ताडपत्रीवर कांद्याची पोती. त्याचे मला कधी वाईट वाटले नव्हते. ते वाटायला लागले फ्रीज आल्यापासून.

नानांचा मुलगा भूषण सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. महिन्यातून एकदा घरी येतो. त्याची बायको दीपमाला धुळ्याची, रसायनशास्त्र शिकलेली. ती नरडाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सकाळी आठला निघते आणि संध्याकाळी साडेपाचला परत येते. बोलते कमी. लग्नानंतर वर्षभर पगारातून साठवून तिने फ्रीज आणला. निळा, गुळगुळीत, दारावर फुलाचे चित्र असलेला.

मी खिडकीतून बघत होतो. त्याला लाकडी पाट मिळाला. डोक्यावर विणलेला रुमाल मिळाला. त्याचे दार सगळे जण हलक्या हाताने उघडायचे. मला सुरू करायचे तर आधी बाजूला एक थाप मारावी लागते, तेव्हा कुठे माझा पंखा जागा होतो. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा त्याला झेंडूची माळ घातली. मी ताडपत्रीखाली होतो. वासावरून मला झेंडू कळला.

आणि तो बाराही महिने कामावर! रात्रंदिवस घरात, माणसांच्या मधोमध. पुढे नानांना साखरेचा आजार निघाला, इन्सुलिनची सुई लागली, आणि त्या औषधाच्या बाटल्याही त्याच्याच दारात ठेवल्या गेल्या. नाना सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे जायचे. माझ्याकडे फक्त उन्हाळ्यात पाठ करून झोपायचे.

हेवा मला एकट्यालाच नव्हता. घरात फ्रीज आला, तसा झुंबरबाईंचा माठ ओट्यावरून मोरीजवळ गेला. वीस वर्षे सगळे घर त्यांच्या हातच्या माठातले पाणी प्यायले होते. आता पाहुणे थेट म्हणायचे, "दीपा, फ्रीजमधलं आण." फ्रीज पुसायची वेळ आली की झुंबरबाई पुढचाच भाग पुसायच्या. बाजू तशाच राहायच्या.

या वर्षी फाल्गुनात शेजारच्या तोतारामच्या घरी एसी बसला. त्याची बायको ताईबाई हिने झुंबरबाईंना मुद्दाम बोलावून बसवले, चहा दिला. परत आल्या त्या तावातच.

"ताईबाईना घरमा पाय ठेवा का थंडी वाजस," त्या नानांना म्हणाल्या. "दार-खिडकी बठ्ठं बंद. अन् आपन? बाहेर इतलं ऊन, अन् बाहेरनाच वारा घरमा ओढतस. कोनी शिकाडं व्हतं तुम्हले?"

"हिलाल मिस्त्रीनी," नाना म्हणाले.

"मिस्त्रीना घर एसी शे का?"

होळीला भूषण आला, तेव्हा त्याला कामाला लावून त्यांनी मला घोडीवरून उतरवले आणि घरात आणले. दीपमाला हात पुसत बाहेर आली.

"अक्का, कूलरला बाहेरचा कोरडा वारा लागतो," ती सासूला म्हणाली. "बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहील. गार होणार नाही."

"तुन्ही लॅबमा लागत व्हई बाहेरना वारा. हाई घर शे."

भूषण हसला. दीपमालेने आणखी एक वाक्य बोलायला हवे होते. ती बोलली नाही. सकाळची बस गाठायची होती, भाकरी व्हायच्या होत्या.

मित्रांनो, मला खरे तर कळत होते की ती बरोबर सांगते आहे. पण मी आनंदात होतो. घरात आलो होतो! छपराखाली, माणसांच्या मधोमध, आणि फ्रीजच्या अगदी समोर. त्या आनंदात मी हे विसरलो की, माझे काम बाहेर उभे राहूनच होते.

झुंबरबाई सगळी दारे-खिडक्या लावायच्या आणि मला पूर्ण वेगावर सोडायच्या. पहिला तासभर बरे वाटायचे. मग खोलीतली हवा पाण्याने भरायची. ओल्या हवेत आणखी पाणी मावेना, म्हणून माझ्या ताट्यांतले पाणी वाफ होईना. मी नुसता चिकट वारा फिरवत राहायचो. नानांचा सदरा अंगाला चिकटायचा. मग त्या म्हणायच्या, "आखो थोडा येळ चालू ऱ्हाऊ दे, व्हई गार." पूर्वी मी दिवसातून सहा तास चालायचो. आता पंधरा तास चालू लागलो. त्यातून गेल्या वर्षी माझी मोटर जळाली होती, ती रस्त्याकडेच्या दुकानात कशीतरी भरून आणलेली, आणि बेअरिंगमध्ये तेल नाही. मी घरघरत होतो. त्या घरघरीला मी माझा रुबाब समजत होतो.

एप्रिलचे वीजबिल आले. मार्चमध्ये एकशे साठ युनिट होते. आता तीनशे बारा. तीनशेच्या वर गेले की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर आणखी चढतो. दीपमालेने बिल दोनदा वाचले. झुंबरबाईंनी एकदाही वाचले नाही, पण निकाल त्यांनीच दिला.

"हाऊ रातदिन घुर्र घुर्र करस," फ्रीजकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "बिल हाऊच खाई ऱ्हायना. बाकीना तर रातले झोपतस तरी."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! इतकी वर्षे माझ्या मनात होते, ते कोणीतरी मोठ्याने बोलले.

"अक्का, फ्रीज तर सात वर्षं आहेच," दीपमाला म्हणाली. "बिल आत्ता वाढलं. रविवारी मी नीट बघते."

पण रविवारी कारखान्यात जादा काम निघाले, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

झुंबरबाई थांबल्या नाहीत. सोमवारी दुपारी बाराला नानांचे जेवण झाले. त्यांनी मागे-पुढे पाहिले आणि फ्रीजचे बटण खाली केले. बंद फ्रीजमध्ये वास धरतो हे त्यांना ठाऊक होते, म्हणून दारात चिंधीची घडी घालून फट ठेवली. पाचला चिंधी काढली, खाली गळलेले पाणी पुसले आणि बटण वर केले. साडेपाचला दीपमाला आली, तेव्हा फ्रीज घुर्र करत होता.

असे रोज सुरू झाले. नानांना तिसऱ्या दिवशी कळले.

"फ्रीज बंद कसाले शे?"

"त्याले बी दुपारले आराम नको का? तुम्ही नही का झोपतस?"

नाना हसून कुशीवर वळले. औषध फ्रीजमध्येच आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. आत असले म्हणजे गार असणार.

बाहेर बेचाळीस अंश, बंद खोलीत ओला उकाडा, आणि उघड्या फटीतून तो फ्रीजच्या दारातल्या बाटल्यांवर जात होता. रोज पाच तास. या घरात हे पाहणारा मी एकटाच होतो. माझे डोळे त्या फटीच्या अगदी समोर. आतल्या बाटल्यांच्या काचेवर पाणी सुटायचे, मग सुकायचे, मग काच कोमट व्हायची. मला बोलता येत नाही हे खरे. पण बोलता आले असते तरी मी बोललो नसतो, हेही खरे. तो मुका, काळोखा फ्रीज पाहताना माझ्या पंख्याला जोर चढायचा. माझ्या मनात एकच विचार असायचा, बघ, तुझ्याशिवाय घर चालते.

दीपमालेला दोनदा दूध नासलेले सापडले. व्होल्टेज कमी येत असेल म्हणून तिने फ्रीजची कळ आणखी थंडाकडे फिरवली. बर्फ धरेना, तेव्हा फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचे तिने डायरीत लिहून ठेवले.

मे महिना अर्धा गेला. नानांना तहान फार लागू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि सारखे मोरीकडे जायचे. "उन्हाळा शे," झुंबरबाई म्हणायच्या. नाना वाळत चालले. सुई मात्र ते वेळेवर टोचून घेत होते, एकही चुकवत नव्हते.

एका गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास नाना खाटेवरून उठले, दोन पावले चालले आणि माझ्या पुढ्यात खाली बसले. बसले ते आडवेच झाले. झुंबरबाईंच्या हाकेने तोताराम धावत आला. त्याने नानांना उचलून आपल्या गाडीत घातले, ताईबाईने मागून नानांच्या चपला आणून दिल्या, झुंबरबाई अनवाणीच पुढे चढल्या. गाडी सोनगीरमार्गे धुळ्याकडे गेली. तोतारामने वाटेतूनच दीपमालेला फोन लावला.

घर उघडे राहिले. मी चालू राहिलो. समोर फ्रीज बंद होता, दारात चिंधी. मित्रांनो, त्या दिवशी सगळे घर माझे एकट्याचे होते. मी पूर्ण वेगाने वारा सोडत होतो, आणि समोर नानांची रिकामी खाट होती. माझ्या वाऱ्याने उशीचा अभ्रा नुसता फडफडत होता.

सहाच्या सुमारास दीपमाला धुळ्याच्या दवाखान्यातून आली. नानांचे कागद आणि औषधे न्यायची होती. आधी तिने मला बंद केले. मग ती फ्रीजकडे वळली आणि जागीच उभी राहिली. चिंधी पाहिली. बटण पाहिले. खाली वाहिलेल्या पाण्याचा ओघळ पाहिला. दारातली इन्सुलिनची बाटली काढून तिने तळहातांत हळूहळू फिरवली, प्रयोगशाळेत फिरवतात तशी, आणि उजेडात धरली. हे औषध फिरवल्यावर दुधासारखे एकसारखे व्हायला हवे. झाले नाही. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते. दुसरीही तशीच. तिने दोन्ही बाटल्या रुमालात गुंडाळल्या आणि निघून गेली.

नानांची साखर साडेचारशेच्या वर गेली होती. डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या आणि सांगितले, या औषधात दम राहिलेला नाही. इतके दिवस नाना जवळजवळ पाणीच टोचून घेत होते. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी बोलून दाखवले नाही. हे सगळे मला नंतर कळले, ते घरी परतल्यावर.

चौथ्या दिवशी नाना आले. खाटेवर टेकले. दीपमालेने नव्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. घरात पाय टाकेनात.

"मीच बंद करस वं, दीपा," त्या म्हणाल्या. "रोज दुपारले. दवाई तर आतमाच व्हती ना. माले वाटनं, रातभर गार ऱ्हास, दुपारले पाच तासमा काय व्हई?"

दीपमालेने फ्रीजचे दार लावले. मला वाटले, आता ती ओरडेल.

"मला माहीत आहे, अक्का. त्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "मीही चुकले. दूध नासलं तेव्हाच बघायला हवं होतं. बिल आलं त्याच रविवारी मोजायला हवं होतं. आज मोजू. तुम्ही पण या."

"मी काय मोजू? माले काय येस त्यामा?"

"बटणं तुम्ही दाबा."

दाराजवळच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा आहे. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. दीपमालेने फोनवर दहा मिनिटे लावली. झुंबरबाईंनी घरातले सगळे बंद केले. दिवा थांबला. मग त्यांनी फक्त फ्रीज सुरू केला.

"मी मोजस," खाटेवरून नाना म्हणाले. आवाज बारीक होता. त्यांनी खाट दाराकडे वळवून घेतली. बाजार समितीत माप टाकताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. नानांनी तसेच सुरू केले. "लाभ... दोन... तीन..."

"थोडं पाणी देऊ का?" झुंबरबाईंनी विचारले.

"मधमा बोलू नको. माप चुकी जाई. सात... आठ..."

फ्रीज सलग चालू होता. दहा मिनिटांत त्रेपन्न झाले. मला हसू येत होते. त्रेपन्न! आता लोकांना कळेल.

मग फ्रीज बंद करून झुंबरबाईंनी मला थाप मारली. मी घरघरत सुरू झालो. दिवा आधीपेक्षा भराभर लुकलुकायला लागला आणि अशक्त नानांना मोजता मोजता धाप लागली. शंभराच्या पुढे त्यांचा आवाज बसला, तेव्हा पुढचे झुंबरबाईंनी मोजले. एकशे साठावर दहा मिनिटे संपली.

दीपमालेने वहीत लिहिले. फ्रीज थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो. मी मात्र पंधरा तास न थांबता, त्याच्या तिप्पट वेगाने. फ्रीज दुपारी बंद ठेवून जे वाचत होते, ते संध्याकाळी तो परत गार होताना जवळजवळ तेवढेच जात होते.

"म्हनजे फुकट," झुंबरबाई म्हणाल्या. "बठ्ठं फुकट. अन् यास्ना जीव जायाना व्हता."

माझा पंखा फिरत होता, पण मला माझाच वारा लागेना. ज्याला मी इतके दिवस चोर म्हणत होतो, त्याच्यासमोर मीच उभा होतो.

"याला भंगारात द्यायचा का, नाना?" दीपमालेने विचारले.

नाना माझ्याकडे बघत राहिले. "त्याना काय गुन्हा शे? मिस्त्रीनी जठे ठेव सांगं व्हतं, तठे आपन ठेवा नही."

मला ते ऐकवेना. माझा गुन्हा होता. तो फक्त मीटरवर दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा घोडीवर चढवले. तोतारामने खांदा दिला. नवे बेअरिंग आले, मोटर धुळ्याहून नीट भरून आली, ताट्या बदलल्या. समोरची खिडकी सताड उघडली. आता दुपारी चार तास पुरतात. दिवा पुन्हा मोजला तेव्हा दहा मिनिटांत शंभरच्या आत होता. जूनचे बिल एकशे सत्तर युनिटचे आले. फ्रीजच्या बटणावर झुंबरबाईंनी कुंकवाची टिकली लावली, हात चुकूनही तिकडे जाऊ नये म्हणून. रोज सकाळी त्या स्वतः बाटली तळहातांत फिरवतात, उजेडात धरतात आणि मगच नानांना देतात. आता त्या फ्रीजच्या बाजूसुद्धा पुसतात.

खरे सांगतो, त्या टिकलीचाही मला हेवा वाटला. इतक्या वर्षांत मला कोणी टिकली लावली नाही.

परवा माझ्या टाकीत बादली ओतताना झुंबरबाई थांबल्या. आजूबाजूला कोणी नव्हते. माझ्या पत्र्यावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तुन्ही मन्ही खोड एकच शे, बाबा. दुसरानं चांगलं आपलाले देखवस नही." मग त्यांनी खिडकीतून आत पाहिले. नाना सदरा काढून कुशीवर झोपले होते, पाठ माझ्याकडे. त्यांच्या पाठीवर घाम नव्हता.

मित्रांनो, बिल वाढले की घरात कोणाच्या तरी नावाने बोट उठते. ज्याच्यावर आपला आधीपासून राग असतो, बहुधा त्याच्याच नावाने. तसे बोट उठले तर आधी दहा मिनिटे मीटरजवळ उभे राहा आणि मोजा. आम्हा यंत्रांना ज्याच्या त्याच्या जागी ठेवा, आमच्या बेअरिंगला वर्षातून एकदा तेल द्या. आणि कशाचेही बटण खाली करण्यापूर्वी त्याचे दार उघडून आत काय ठेवले आहे, कोणासाठी ठेवले आहे, ते बघा. मी इतके दिवस तेच बघत होतो आणि गप्प होतो. तुम्हाला बोलता येते.